आजीने घेतलेलं नाव

पनवेल कोळीवाडा
१० नोव्हेंबर २०२५

प्रांजल,

प्रभूमध्ये सलाम. माझा फोन तू उचलत नाहीस, पप्पांचा उचलतेस. ते ठीक आहे. पण पप्पा टगबोटीवर कामाला गेले की पंधरा-पंधरा दिवस बंदरातच असतात, मग घरातलं तुला सांगणार कोण, म्हणून लिहितेय. तुमच्या बायबल प्रशिक्षण केंद्रात आलेली पत्रं आधी ऑफिसात उघडतात असं तू म्हणाली होतीस. उघडू देत.

दिवाळीच्या सुटीत तू आलीस. त्या संध्याकाळी बाहेरून घरात शिरलीस तेव्हा आजी देव्हाऱ्यासमोर खुर्चीत बसली होती, मी तिच्याजवळ वाकले होते, माझ्या हातात काडेपेटी होती आणि दिवा पेटलेला होता. तू काही बोलली नाहीस. चपला पुन्हा पायात घातल्यास आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी न जेवता बॅग उचललीस. मधल्या वेळात आपल्या चर्चच्या पाळकांकडे जाऊन आलीस, हे मला रविवारी कळलं.

उपासना संपल्यावर पाळकांनी मला थांबवलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तीन महिने प्रभुभोजनात भाग घ्यायचा नाही, मागच्या बाकावर बसायचं, असं ठरलं. मंडळीसमोर ते काही बोलले नाहीत. पण या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला फिरले आणि माझ्यासमोरून पुढे गेले, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं.

माझी तक्रार नाही. तू जे पाहिलंस तेच सांगितलंस. पण तू शेवटचंच पाहिलंस, म्हणून आधीचं लिहिते.

श्रावणात आजीला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. मान तर तिची आधीपासूनच कापायची, ती जरा जास्त कापू लागली. तुला माहीतच आहे, लग्न होऊन या घरात आल्यापासून एकवीरा आईपुढे रोज संध्याकाळी दिवा तिनेच लावला. मी नेऱ्याला गाढी नदीत बाप्तिस्मा घेतला, पुढच्या वर्षी तू घेतलास, तेव्हा तिने एक शब्द काढला नाही. पहिल्या रात्री फक्त विचारलं होतं, "आता माज्या हातचं जेवशील का नाय?" मी म्हटलं, जेवीन. "मंग झालं," म्हणाली. तेव्हापासून तिचा कोपरा तिचा, माझी खिडकीजवळची जागा माझी.

दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी तिने काडेपेटी मागितली. काडी ओढायला दोन हात लागतात, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. एका हातात पेटी, एका हातात काडी. तिने पेटी गुडघ्यात धरून पाहिली. ती घसरली आणि पेटती काडी गोधडीवर पडली. गोधडीला भोक पडलंय, तू पाहिलंही असशील. पप्पांनी लायटर आणला. ती म्हणाली, "बिडी पेटवायच्या वस्तूनं आईला दिवा लावू?" तो परत केला.

मी पाळकांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचार करून म्हणाले, "किशोरीताई, तेल घाला, वात वळून द्या. आजारी माणसाची ती सेवा आहे. ज्योत लावणं मात्र उपासना आहे. ती तुमच्या हातून होऊ नये." पेटी धरण्याचं मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं.

म्हणून पप्पा घरी नसतील तेव्हा मी पेटी धरायची, आजी काडी ओढायची. मी हात जोडले नाहीत. डोळे मिटले नाहीत. एवढंच होतं.

तब्येतीला जप. तिथे थंडी जास्त असेल.

आई


पनवेल कोळीवाडा
१ डिसेंबर २०२५

प्रांजल,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून लिहीत नाहीये.

गेल्या आठवड्यात आशालताबाई आजीला बघायला आल्या होत्या. पाळकांच्या बायकोचा स्वभाव तुला माहीत आहे, मनात काही ठेवत नाहीत. शिरा करून आणला होता. आजीला चमच्याने भरवलाही. मी बाजारात मासळी विकायला बसले होते. त्या दिवशी कोळंबी चांगली आली होती, मला उशीर झाला. घरी आले तर आजी गप्प आणि आशालताबाई निघण्याच्या घाईत.

मागाहून शेजारच्या मालूने सांगितलं, कारण ती तिथेच बसली होती. बोलता बोलता आशालताबाई म्हणाल्या, "किशोरीताईंसाठी प्रार्थना करतोय आम्ही. सध्या भोजनाला बसता येत नाही ना त्यांना."

आजीने विचारलं, "कुठल्या जेवनाला?"

त्यांनी समजावून सांगितलं. आजीला त्यातलं प्रभुभोजन कळलं नाही, पण उरलेलं सगळं कळलं. म्हणाली, "म्हंजे वाळीत टाकलंय हिला." आशालताबाई नाही नाही म्हणत राहिल्या. वाळीत टाकलेली घरं आजीने लहानपणी पाहिली आहेत. होडी ओढायला हात देत नसत, लग्नाला बोलवत नसत. तिला दुसरं काही पटेना.

संध्याकाळी मी नेहमीसारखं तेल घातलं, वात सारखी केली आणि पेटी धरून वाकले. तिने उजव्या हाताची मूठ मिटून घेतली.

"आई, काडी घ्या."

"नको."

"का?"

"तू पान्यात उभी रावून बोललीस ना, तुज्या देवाला?"

"बोलले."

"मंग बोललेलं पाळ."

मी म्हटलं, माझ्यापायी तुमचा दिवा बंद करू नका. माझं मी बघेन. त्यावर ती म्हणाली, "एकवीरा आई काय रुसायची नाय. ती मना वळखते. तुजा जरा कडक दिसतो. त्याला सांभाळ."

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. मी बराच वेळ तशीच वाकून उभी होते. मग कंबर दुखायला लागली तेव्हा पेटी फळीवर ठेवली.

मालू म्हणाली मी येऊन लावत जाईन. आजी नको म्हणाली. तिच्या घरी सासू, दोन पोरं, संध्याकाळचा स्वयंपाक. रोज तिला कशाला बोलवायचं. पप्पा घरी असतील तेव्हा लावतील, नसतील तेव्हा नाही, असं तिनेच ठरवून टाकलं. पप्पा सध्या टगवरच आहेत. त्या दिवसापासून ती संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर खुर्ची लावून घेते आणि नुसती बसते. मी ट्यूब लावते तर म्हणते, जरा थांब.

मी तिला दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मूठ मिटलेलीच.

पाळक प्रवचनात सांगतात ते तुझ्या वहीत असेल. तारण विश्वासाने मिळतं. विश्वास खरा असेल तर माणूस आज्ञा पाळतो. पाळता पाळता पवित्र होत जातो. हे मी किती वर्षं ऐकतेय. खरंही मानते. पण आत्ता या घरात आज्ञा माझ्यावर आहे आणि ती पाळतेय आजी. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर लिही.

आई


पनवेल कोळीवाडा
२६ डिसेंबर २०२५

प्रांजल,

नाताळाच्या शुभेच्छा. तुझं कार्ड मिळालं. आत दोन ओळी होत्या. आज्ञा न पाळणारा विश्वास म्हणजे नुसता शब्द, आणि तू आजीसाठी रोज प्रार्थना करतेस. दोन्ही वाचलं. दुसरी ओळ आजीला वाचून दाखवली. तिने विचारलं, "काय मागते ती माज्यासाठी?" मी म्हटलं, तुमचं तारण. "ते काय असतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला म्हनावं, गुडगा दुखतो त्याचं पन बोल."

काल उपासनेला हॉल भरला होता. हॉलखालच्या दुकानदाराने जिन्यात लायटिंग करून दिलं होतं. तू येशील असं मला वाटलं नव्हतं, तरी दोनदा जिन्याकडे पाहिलं.

उपासनेनंतर पाळक माझ्याजवळ आले. आशालताबाईंनी त्यांना दिवा बंद झाल्याचं सांगितलं होतं. ते खूश होते. म्हणाले, "ताई, देवाने मार्ग काढला. आता अडथळा उरला नाही. जानेवारीच्या भोजनाला पुढे या."

मी म्हटलं, "तीन महिने सांगितलं होतं तुम्ही."

"ते शिस्तीसाठी होतं. आता दिवा बंद आहे ना?"

"आहे. पण मी नाही बंद केला. आईंनी केला. मी तर रोज पेटी घेऊन उभी राहते, त्याच काडी घेत नाहीत."

ते माझ्याकडे पाहत राहिले. हे मी त्यांना सांगायला नको होतं असं आशालताबाईंचं मत आहे. असेल. पण त्यांच्यापासून एकदा लपवलं, तेवढं पुरे.

पाळक म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजूनही तयार आहात पेटी धरायला?"

"आहे."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, तुम्ही तीन महिने सांगितलेत, मी तीन महिने बसते. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्यांना भेटायला गेले. त्यांना राग आला होता असं मला वाटलं नाही. थकल्यासारखे दिसले. मंडळी सांभाळायची म्हणजे सोपं नसतं. एकीला सूट दिली की दहाजणी विचारायला येतात. माझा त्यांच्यावर राग नाही, हे तुलाही कळावं म्हणून लिहितेय. नियम नसते तर मी त्यांच्याकडे विचारायलाच कशाला गेले असते?

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मी मंडळीत पहिल्यांदा गेले ती देव शोधायला नव्हे. मासळीची पाटी घेऊन त्या गल्लीत फिरत होते, पाय दुखत होते, वरून गाणं ऐकू येत होतं आणि जिना सावलीत होता. बसले. एकाने वरून पाणी आणून दिलं आणि बदल्यात मासळी मागितली नाही की जात विचारली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुढचं सगळं हळूहळू झालं. लोक देव कसा भेटला याची साक्ष देतात तसं माझ्याकडे काही मोठं नाही. पण त्या पायरीवर मला जे मिळालं ते अजून आहे. मागच्या बाकावरही आहे.

आजीचं जेवण कमी झालंय. डॉक्टर म्हणतात वय आहे. पप्पा नवीन वर्षाला घरी येतील. जमलं तर तूही ये. माझ्यासाठी नको.

आई


पनवेल कोळीवाडा
१९ जानेवारी २०२६

प्रांजल,

पप्पांनी फोनवर तुला सांगितलंच आहे. तुझी परीक्षा आहे आणि रजा मिळाली नाही, असं ते म्हणाले. बरं.

आजी शुक्रवारी सकाळी गेली. चहा दिला होता, अर्धा प्यायली. मी कप धुऊन आले तोवर गेली होती. त्रास झाला नाही. पप्पा घरी होते, ते एक बरं झालं.

मी तिला आंघोळ घातली. मालू आणि मी दोघींनीच. हिरवं लुगडं नेसवलं, तिने आधीच काढून ठेवलं होतं. विधी मी केले नाहीत, ते पप्पांनी आणि गव्हाणहून आलेल्या तुझ्या मामाने केले. मी बाजूला उभी होते. आत्याने एकदा माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, पण बोलली नाही. आंघोळ घालताना तिने पाहिलं होतं मला.

पाळक आले होते. आशालताबाई आणि मंडळीतले चौघेजण पण. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा एक खांदा कमी पडत होता, कारण पप्पांचे दोन मित्र टगवरून सुटले नव्हते. पाळक पुढे झाले. कोळीवाड्यातला एक पोरगा म्हणाला, "तुमाला चालतं का?" पाळक म्हणाले, "ही सेवा आहे," आणि खांद्यावर घेतली. खाडीकडच्या स्मशानापर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. पप्पांनी घरी येऊन सांगितलं, त्यांचा शर्ट फाटला म्हणून.

घर मोठं वाटतंय. नव्या विमानतळाची विमानं आता गव्हाणवरून वळतात, इथपर्यंत आवाज येतो. आजी म्हणायची, भांड्यांची फळी पडली का बघ.

परीक्षा नीट दे.

आई


पनवेल कोळीवाडा
२ फेब्रुवारी २०२६

प्रांजल,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार पानं. आई म्हणून सुरुवात केलीस, ते मी आधी दोनदा वाचलं आणि मग पुढे गेले.

तू लिहिलंस की आशालताबाईंनी तुला फोन केला. आजी जायच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या होत्या, त्यांनी तिच्या कानाशी प्रार्थना केली, प्रभूला स्वीकारता का असं विचारलं आणि आजीने मान हलवली. तू ते केंद्रात सांगितलंस, सगळ्यांनी उभं राहून देवाचे आभार मानले, तू रडलीस. आणि आता मला विचारतेस, आई, तू तिथे होतीस, आजीने शेवटी नाव घेतलं ना?

हे पत्र मी शनिवारीच लिहिणार होते. पण काल रविवार होता आणि जे लिहायचं ते आधी तिथे बोलावं लागणार होतं.

मी तिथे होते. आशालताबाईंनी विचारलं हे खरं. आजीची मान हलली हेही खरं. पण प्रांजल, ती मान कित्येक वर्षं हलत होती. त्या दिवशी मी विचारलं, पाणी हवं का, तेव्हाही हलली. कोणी काही विचारलं नाही तेव्हाही हलत होती. आशालताबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांना होकार दिसला.

त्याच्या चार-पाच दिवस आधी मी स्वतः तिला विचारलं होतं. हे मी तुला कळवलं नव्हतं. कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. मी तिचे केस विंचरत होते. पप्पा बाहेर गेले होते. मी म्हटलं, "आई, एक विचारू?"

"इचार."

"येशूवर विश्वास ठेवाल का? माझ्यासाठी नको, प्रांजलसाठी नको. मनापासून असेल तरच."

"ठेवला तर काय व्हतं?"

"तारण होतं. मेल्यावर आपण त्याच्यापाशी जातो."

"तू जाशील?"

"माझा तसा विश्वास आहे."

"प्रांजल?"

"ती पण."

"मिथुन?"

पप्पांचं विचारत होती. मी म्हटलं, त्यांच्यासाठी मी रोज मागते.

मग म्हणाली, "आनि दादू?"

माझा हात तिथेच थांबला. लग्न होऊन आल्यापासून आजोबांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते, हे, मिथुनचा बाप, असंच म्हणायची. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या तरी लाजून उठून जायची.

मी काय सांगणार होते? आजोबा गेले तेव्हा या घरात कोणी येशूच्या नावाचा उच्चारही केला नव्हता. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, आई."

"तुज्या पुस्तकात असंल ना लिवलेलं."

मी फणीतले केस काढत राहिले. तिला कळलं.

"मंग नको," ती म्हणाली. "दादूला एकट्याला टाकून मी नाय जानार. तुजा देव चांगला हाय. तुजं चांगलं केलं त्यानं, मी बगितलंय. पन मना नको." आणि जरा वेळाने, "वेणी घाल ना, काय थांबलीस."

मी वेणी घातली.

काल माझे तीन महिने संपले. पाळकांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, ताई, सासूबाईंची साक्ष तुम्ही मंडळीला सांगा. सगळे वाट बघत होते. आशालताबाई पहिल्या रांगेत होत्या, आधीच रुमाल काढून बसलेल्या. मला बोलायची सवय नाही. बाजारात ओरडते तेवढंच. मी म्हटलं, "आईंनी स्वीकारलं नाही. मी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मान त्यांची आजारामुळे हलायची."



आशालताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पण मला तो होकारच वाटला, ताई."

मी म्हटलं, "तुम्हाला हवा होता म्हणून वाटला. मलाही हवा होता."

पाळकांनी विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"हे न बोलता तुम्हाला राहता आलं असतं."

"आलं असतं," मी म्हटलं. "पण मग मी पेटी धरली त्यापेक्षा हे मोठं झालं असतं."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग मंडळीकडे वळून म्हणाले, "याविषयी मागच्या रविवारी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. मी ते मागे घेतो." एवढंच. कोणाला दोष दिला नाही. पुढे काहीतरी प्रार्थना करायला डोळे मिटले, पण मेलेल्या माणसासाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे शब्द सापडले नसावेत. मग भाकर आणि प्याला फिरले. माझ्यापाशी आले तेव्हा मी घेतले.

आशालताबाई नंतर जिन्यात भेटल्या. बाजूने उतरून गेल्या. त्यांना वेळ लागेल.

आता तुझं. तू केंद्रात सगळ्यांसमोर सांगितलंस ते तुला सगळ्यांसमोरच परत सांगावं लागेल. लाज वाटेल. काहीजण म्हणतील, आई विश्वासात कच्ची आहे, तिचं काय ऐकायचं. तरी सांग. तू मला पकडून दिलंस तेव्हा मी तुला खरं बोललीस म्हणाले होते. मी ते मनापासून लिहिलं होतं.

तुला भीती वाटते, मला माहीत आहे. मलाही वाटते. बाजारात पाटी लावताना मध्येच वाटते. आजी कुठे आहे हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच कळतं की ज्याच्यावर मी विश्वास ठेवला, त्याने तिला माझ्याआधीपासून पाहिलंय. त्याच्या हाती तिला द्यायची तर ती होती तशीच द्यायला हवी. तिच्या तोंडी न बोललेला शब्द घालून दिली, तर मी दुसरीच कोणीतरी बाई दिली असं होईल.

आई


पनवेल कोळीवाडा
१६ फेब्रुवारी २०२६

प्रांजल,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होते, हात ओले, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू सांगितलंस, केंद्रात सगळ्यांसमोर, हे ऐकलं. कोण काय म्हणालं ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आवाज बसला होता तुझा.

मग तू विचारलंस, आजोबा कसे होते. ते गेले तेव्हा तू रांगत होतीस. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

दादू उंच होते, पप्पांपेक्षा. कमी बोलायचे. त्यांना एकटं राहवत नसे. जेवताना कोणीतरी समोर बसलेलं लागे, न जेवणारं असलं तरी चाले. होडीवर त्यांच्याबरोबर नेहमी त्यांचा धाकटा भाऊ असायचा. तो जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला लागला. खाडीत भराव पडत गेला तशी मासळीही कमी झाली आणि बाकीच्यांनी एकेक करून होड्या काढून टाकल्या. आजोबांनी काढली नाही. पण एकट्याने पाण्यात जायचं म्हणजे त्यांना नको व्हायचं. सकाळी होडीपर्यंत जायचे आणि परत यायचे. घरात कोणाला काही म्हणायचे नाहीत.

एके दिवशी आजी त्यांच्या मागोमाग गेली आणि होडीत जाऊन बसली. आपल्यात बायका होडीवर जात नाहीत. किनाऱ्यावरची माणसं हसली, काहीजण रागावलेही. आजोबा उतर म्हणाले. ती उतरली नाही. जाळं तिला ओढता येत नव्हतं, वल्हं मारता येत नव्हतं. समोर बसून राहायची फक्त. ते गेले त्या वर्षापर्यंत जात होती.

मी तेव्हा या घरात नवीन होते. एकदा तिची ओली साडी पिळताना मी म्हटलं, आई, मजा येत असेल पाण्यावर. ती म्हणाली, "मजा कसली गो. मना पान्याचं भय वाटतं. पवता पन येत नाय."

आई